नळी तिरपी करणाऱ्या सोनावणेबाई

सोनावणेबाईंनी मला "कशी आहेस?" असं कधीच विचारलं नाही. त्या दंडाला रबरी पट्टा आवळायच्या आणि शीर शोधता शोधता म्हणायच्या, "काय बदललं?"

पहिल्यांदा मी गोंधळले. "म्हणजे?"

"गेल्या महिन्यापासून काय बदललं? खाणं, औषध, ताप, उपास?"

"काहीच नाही."

"अहो वानखडे, महिनाभरात काहीच न बदलणारी माणसं भिंतीवर फोटोत असतात. नीट आठवा."

कर्वेनगरमधल्या एका लहानशा लॅबमध्ये त्या तंत्रज्ञ होत्या. मी अमरावतीहून नुकतीच पुण्यात येऊन एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. लहानपणीच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप निकामी केली होती आणि कॉलेजात असताना तिच्या जागी धातूची झडप बसवली होती. रक्त अशा परक्या वस्तूवर गोठू पाहतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त उशिरा गोठावं यासाठी मला जन्मभर रोज एक गोळी होती. पण गोळीचा परिणाम प्रमाणाबाहेर गेला, तर साध्या जखमेचंही रक्त थांबत नाही. या दोन्हींच्या मधल्या अरुंद वाटेवर मी आहे की नाही, हे दर महिन्याला सोनावणेबाई सांगत.

लॅबमध्ये तेव्हा त्यासाठी यंत्र नव्हतं. रक्तातला वरचा पिवळसर द्रव त्या कोमट पाण्यात ठेवलेल्या काचनळीत घालत, त्यात रक्त गोठवणारं औषध टाकत आणि स्टॉपवॉच दाबून नळी दिव्यासमोर हळूहळू तिरपी करत राहत. द्रवात जाळं धरलं की बोट घड्याळावर. तेवढा वेळ त्या खोलीत कुणी बोलायचं नाही.

एका गुरुवारी सकाळी मी घाईत होते. परदेशातल्या क्लायंटला काम द्यायचा दिवस होता. "काय बदललं?" याला मी "काही नाही" म्हटलं आणि पळाले. खरं तर पोट बिघडून पाच दिवस झाले होते. ऑफिसजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. माझ्या रोजच्या गोळीबद्दल मी त्यांना सांगितलंच नव्हतं. जेवण जवळपास बंद होतं. त्यातच दोन दिवसांपूर्वी कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटलं होतं.

दुपारी रिसेप्शनवरून निरोप आला, एक बाई आल्यात आणि तुम्हाला भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणतात. खाली गेले तर पांढऱ्या कोटातच सोनावणेबाई उभ्या.

"फोन केला तर म्हणे मीटिंग चालू आहे. चला."

"बाई, आत्ता? संध्याकाळी येते ना."

"तुमचं रक्त दीड मिनिट हलवलं. गोठेना. पुन्हा केलं, तेच. मग माझं रक्त काढून तपासलं, ते तेरा सेकंदांत गोठलं. म्हणजे माझी नळी ठीक आहे." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "हिरड्यांतून रक्त येतंय?"

"सकाळी ब्रशला लागलं होतं."

"डोकं दुखतंय?"

डोकं कालपासून दुखत होतं. जागरणामुळे असेल, असं मी धरून चालले होते.

रिक्षात त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. पोटाच्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये होती, ती हातात घेऊन म्हणाल्या, "ही तुमच्या गोळीचा जोर वाढवते. आणि तो जोर आवरणाऱ्या पालेभाजीचा पाच दिवस घास नाही. वा!" एवढं बोलून त्यांनी माझं मनगट पकडलं, ते हॉस्पिटल येईपर्यंत सोडलं नाही. खड्डा आला की ड्रायव्हरवर खेकसायच्या, "सावकाश हो!"

स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्ताची एक बारीक रेघ दिसली. ती वाढली तर कवटी उघडावी लागणार होती. डॉक्टरांनी लगेच गोळी बंद केली, तिचा उतारा म्हणून शिरेतून व्हिटॅमिन के दिलं आणि दुसऱ्याच्या रक्तातला प्लाझ्मा चढवायला घेतला. त्यात रक्त गोठवणारे घटक तयार असतात. मी विचारलं, "आणि झडप?" डॉक्टर म्हणाले, "आधी डोकं वाचवू. झडपेवर लक्ष ठेवू."

सोनावणेबाईंनी अमरावतीला माझ्या घरी फोन लावला. मला कॉटवरून ऐकू येत होतं. "मुलगी शुद्धीवर आहे. तुम्ही या. तोवर मी इथून हलत नाही." आणि खरंच हलल्या नाहीत. दर थोड्या वेळाने माझं नाव विचारायच्या, बोटं हलवायला लावायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "सारखं काय तेच!" तर म्हणाल्या, "चिडता येतंय. छान."

रेघ वाढली नाही. दहा दिवसांनी गोळी पुन्हा सुरू झाली आणि मी नव्याने भ्याले. आता प्रत्येक गोळी मला विषासारखी वाटायला लागली. कुणाला न सांगता मी ती अर्धी करून घेऊ लागले.

पुढच्या तपासणीला बाईंनी मला थांबवून घेतलं. नळी माझ्याच हातात दिली. "तिरपी करा. हळू." स्टॉपवॉच चालू झालं. पाणी असावं तसा द्रव इकडून तिकडे सरकत होता, आणि पंधराव्या सेकंदाला सरकायचा थांबला. नळीत जेलीसारखं काहीतरी काचेला चिकटून बसलं होतं.

"तुम्हाला तिसाच्या वर सेकंद हवेत. हे झडपेवर झालं असतं तर?" त्या म्हणाल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती. "गोळी अर्धी करता ना?"

मला रडू आलं. बाईंनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या.

"नवी होते तेव्हा तुमच्यासारखेच एक गृहस्थ यायचे. एकदा असाच भलता आकडा आला. मी रिपोर्ट लिहिला, पाकिटात घातला, खिडकीत ठेवला. वाटलं, माझं काम झालं. पाकीट तीन दिवस तिथेच होतं. न्यायला त्यांची बायको आली, ती मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद जमवत होती." त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली. "भीती वाटते ना? मला येऊन सांगा. गोळी मात्र अख्खी घ्या."

त्या दिवसापासून मी एकही गोळी चुकवली नाही. बाई निवृत्त झाल्या, लॅबमध्ये यंत्र आलं. फोनवर त्यांचा दरारा मात्र तसाच राहिला. मग एक दिवस त्यांच्या मुलीचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या.

पुण्यानुमोदनाला मी विश्रांतवाडीला गेले. हॉल भरला होता. बुद्धमूर्तीशेजारी बाईंचा फोटो होता. वंदना झाल्यावर त्यांचे यजमान एकेकाशी बोलत माझ्यापाशी आले.

"तुम्ही वानखडे ना? झडपवाल्या?"

"हो."

"या महिन्याची तपासणी झाली?"

ती त्याच आठवड्यात होती. बातमी कळल्यापासून माझं कशातच लक्ष नव्हतं. मी मान खाली घातली.

"मग इथे बसून काय करताय? लॅब संध्याकाळपर्यंत उघडी असते. जा."

मी उठले. दाराशी चप्पल घालताना मागे वळून पाहिलं. ते पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांपाशी पोहोचले होते, आणि त्या गृहस्थांनीही मान खाली घातली होती.