चांदी जागेवरच राहते

"घासू नका. आधी काय झालंय ते बघा." आमच्या विज्ञानाच्या मॅडमचं हे वाक्य जाफराबादच्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना पाठ होतं. मी मराठी शिकवायचो, तरी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचो. गेल्या वर्षी त्यांची मंठ्याला बदली झाली आणि माझा तो तास रिकामाच राहिला.

दहावीतल्या एका मुलीची आजी एकदा शाळेत आली. मोठ्या शेतकरी घरातली, मानी बाई. थोरल्या नातीला लग्नात द्यायचे चांदीचे तोडे काळेठिक्कर पडले होते. पूर्वी दारावर आलेल्या पॉलिशवाल्यानं तेजाबात बुडवून चांदीच उतरवून नेली होती, म्हणून आजी ते कुणाच्या हाती देईनात. नातीनं मॅडमचं नाव सांगितलं, तेव्हा त्या स्वतःच तोडे घेऊन आल्या.

मॅडमनी भर वर्गात आधी तोड्यांचं वजन केलं. मग शाळेच्या स्वयंपाकखोलीतलं जुनं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं आणलं. त्यात उकळतं पाणी, खायचा सोडा आणि मीठ टाकून तोडे तळाला टेकवले. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. आजींनी पदर नाकाला लावला. मॅडम सांगत होत्या, हा मळ नव्हे; चांदीला हवेतलं गंधक चिकटलंय. ते अ‍ॅल्युमिनियमनं ओढून घेतलं की चांदी जागेवरच राहते.

तोडे लखलखीत निघाले. पण वजन किंचित कमी भरलं.

"गेली ना चांदी?" आजी म्हणाल्या.

आकडा झाकता आला असता. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला. "हे गंधकाचं वजन गेलं, आजी. चांदी जात असंल तर परत बुडवल्यावर अजून जाईल. पाहून घेऊ."

पुन्हा पातेलं, पुन्हा तराजू. आकडा बिलकुल हलला नाही. मी शिकवत नव्हतो, तरी माझी छाती फुगली.

आजींनी विचारलं, "तू कुणाची गं?"

"तुमच्या रानात खुरपायला येत होती, तिची." मॅडमनी आईचं नाव सांगितलं. आवाज नेहमीचाच, मान ताठ. त्यांची आई त्या घरात कधी मागच्या दाराच्या पुढं आली नव्हती, हे मला नंतर कळलं.

आजींनी तोडे पदरात बांधले. मग म्हणाल्या, "मंग लग्नाला तिलाबी घेऊन ये. समोरून या."

लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. दारात आजी स्वतः उभ्या होत्या. मॅडमची आई पांढरं पातळ नेसून आली होती. पायरीशी ती थबकली. मॅडमनी हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही. एकटीच, सावकाश, उंबरठा ओलांडून ती आत गेली.