तुटण्यासाठी बनवलेला तुकडा

बदलापूरहून अंबरनाथला येताना खड्डा चुकवायला गेले आणि सायकल उजव्या अंगावर आपटली. मला नुसतं खरचटलं. पण मागचा गिअर साखळीला लोंबकळत होता. चार दिवसांनी भारताच्या टीममधून मलेशियाला रेसला जायचं होतं.

ट्रायथलॉन म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर पळणं. मध्ये विश्रांती नाही. सायकल गेली की रेस गेली.

मागचा गिअर फ्रेमला थेट लावत नाहीत. मध्ये बोटाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असतो. त्याला हँगर म्हणतात. माझा तोच मोडला होता. मुंबईच्या डीलरला फोन केला.

"मॅडम, बाहेरून मागवावा लागेल. तीन आठवडे."

कोच म्हणाले, "दुसरी सायकल ने."

"सर, दुसरी आहे कुठे?"



संध्याकाळी उल्हासनगरला कॅम्प दोन भागात किशनभाईंच्या वर्कशॉपवर गेले. माझे वडील फिटर, त्यामुळे ओळख होती. किशनभाईंनी दोन्ही तुकडे जोडून पाहिले.

"बन जाएगा बेटा. परसों ले जाना."

"काका, स्टीलचा बनवा. परत तुटायला नको."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "स्टील का डालेगी तो ये नहीं टूटेगा, फ्रेम टूटेगा. ये टूटने के लिए ही बनाया है."

सात वर्षं मी सायकल चालवत होते. हे मला माहीत नव्हतं. लाजच वाटली.

"मग अ‍ॅल्युमिनियमचेच दोन करा," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही कानशीने घासून हाताने बनवले. एक लावला, एक बॅगेत टाकला.

मलेशियात हॉटेलवर सायकलचा बॉक्स उघडला. विमानात कुठेतरी आपटला असणार. हँगर वाकला होता. फ्रेमवर ओरखडासुद्धा नव्हता. स्टीलचा असता तर मी प्रेक्षकांत बसले असते. बॅगेतला दुसरा लावला.

पण तो अगदी मापात नव्हता. चढावर सगळ्यात हलका गिअर पडेना. जड गिअरवरच चढले आणि पळताना पोटऱ्यांत गोळे आले. शेवटचे दोन किलोमीटर अर्धे चालत काढले. सत्ताविसावी आले. पण रेस पूर्ण केली म्हणून टीममध्ये राहिले, आणि पुढे सहा वर्षं देशाकडून खेळले.

आता मी कोचिंग करते. नवी सायकल दाखवायला आलेले आधी तिचं वजन सांगतात. मी विचारते, पडल्यावर पहिलं काय मोडेल? ते दुकानातच विचारून घ्यावं. आणि तसे दोन तुकडे आणावेत.