सिडनीचा नियम आणि इलायसचा कप

कॅम्पातल्या वाळूच्या ग्राउंडवर इलायस लोपीस नेटजवळ उडाला की समोरचे सहाही जण आधीच डोळे मिटायचे. खोटं वाटत असेल तर तेव्हा बहारीनमध्ये असलेल्या कुणालाही विचारा. वसईच्या नंदाखालचा गडी. शाळा चौथीपर्यंत, पण वेल्डिंग असं की साहेबलोक त्यावरून बोट फिरवून बघायचे. आठ वर्षं तो वर्कशॉपच्या व्हॉलीबॉल टीमचा कॅप्टन. कप तेवढा हातात आला नव्हता. एका वर्षी बोट मोडलं, एका वर्षी रेफ्री आंधळा निघाला, असं काहीतरी व्हायचंच.

धाकट्या मार्कसला त्यानेच व्हिसा काढून आणलेलं. मार्कस मॅट्रिक, ऑफिसात टायपिस्ट. इलायस छाती काढून सांगायचा, "मला इंग्रजी कशाला पाहिजे? माझा भाऊ वाचतो ना!" मेसच्या बोर्डावरची नोटीस असो, डॉक्टरचा कागद असो, मार्कसच वाचणार. टीममध्ये मात्र मार्कस बाकावर. "लहान आहे अजून," इलायस म्हणायचा. मार्कसला तेव्हा एकोणतिसावं चालू होतं.

त्र्याऐंशी साली नवा मॅनेजर आला, मॅकसाहेब, ऑस्ट्रेलियाचा. त्यांच्या सिडनीत रग्बी लीग नावाची मारामारी चालते. तिथल्या फायनलची पद्धत त्याने इथल्या व्हॉलीबॉलला लावली. पहिल्या पाच टीम, चार शुक्रवार, आणि कोण कुणाशी खेळणार याचा भरगच्च कागद. तो टाईप केला मार्कसने, आणि मेसमध्ये वाचूनही त्यानेच दाखवला.

"पहिले कोण आले?" इलायसने विचारलं.

"आपणच, दादा."

"मग पहिल्या शुक्रवारी आपली मॅच कुठाय?"

"पहिल्या नंबरला सुट्टी."

"हे काय बक्षीस! वर्गात पहिला आला म्हणून शाळेतून हाकलला?" मेस हसली.

"दुसऱ्या शुक्रवारी एकच मॅच." मार्कसने कागदावर बोट टेकवलं आणि त्याच्या कानाशी वाकला. "ती मारली की कप आपला."

समोर आले स्टोअर्सवाले. त्यांचा कॅप्टन रत्नागिरीचा शब्बीर, चिवट माणूस. पण त्या दिवशी इलायसच्या अंगात काय शिरलं होतं देव जाणे. शेवटचा स्मॅश असा बसला की बॉल पार पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. शब्बीर हात मिळवून म्हणाला, "परत भेटू." इलायसला वाटलं, पुढच्या वर्षी.

"कप कुठाय?" त्याने मार्कसला विचारलं.

"नाव कोरायला दिलाय. तू जा निवांत, मी घेतो."

दुसऱ्याच दिवशी इलायसची सुट्टी लागत होती. फॉर्म मार्कसनेच भरला होता, शनिवारची तारीख घालून.

नंदाखालला चर्चचा सण होता. मिस्सा सुटल्यावर इलायसने देवळाच्या आवारात तो स्मॅश निदान वीस वेळा मारून दाखवला. बायको बेनिटा म्हणाली, "अहो, फोटो तरी दाखवा कपाचा."

"मार्कस पाठवतोय."

फोटो आला नाही. महिन्याने इलायस परत आला, तर तो मेसच्या भिंतीवर लागलेला. कप मार्कसच्या हातात. टीम ओळीत उभी. बॉल मार्कसच्या पायाशी, कॅप्टन ठेवतो तसा.

शुक्रवारी शहरातल्या गुदैबिया भागात, चहाच्या हॉटेलात शब्बीर भेटला. त्याने सलामसुद्धा घेतला नाही. "फायनल टाकून कोण घरी जातो रे?"

"कसली फायनल? मी हरवलं ना तुला!"

शब्बीरने टेबलावर चहाचे तीन ग्लास मांडले. "हा तू, हा मी. त्या दिवशी तू जिंकलास, तू सरळ फायनलला. पण मी मेलो नाही. वरच्या नंबरांना एक हार माफ, हा त्या साहेबाचा नियम. पुढच्या शुक्रवारी मी किचनवाल्यांना मारलं," त्याने तिसरा ग्लास बाजूला सारला, "आणि फायनलला परत तुझ्यासमोर. बघतो तर तू नाहीस. तुझा भाऊ म्हणतो, दादाला कपापेक्षा घर मोठं. मी दोनदा विचारलं त्याला."

इलायसने चहा तसाच ठेवला.

खोलीवर मार्कस शर्टाला इस्त्री करत होता.

"कागद तू टाईप केलास."

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

मार्कसने बाही उलटली. "तीन आठवडे बोर्डावर होता, दादा. कुणीही वाचला असता."

"टीमला काय सांगितलंस?"

"तू सांगून गेलास म्हणालो, मार्कसला खेळवा म्हणून." त्याने इस्त्री उभी ठेवली. "आठ वर्षं पाणी धरलं मी बाकावर. तू कधी उठवला असतास मला?"

इलायसचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. "शेवटचा पॉइंट कोणाचा?"

"माझा. स्मॅश. तू शिकवलेला."

बेनिटाला पत्राऐवजी आवाज भरून कॅसेट पाठवायची होती. इलायसने टेपचं बटण दाबलं. "कप आपलाच आहे. असा स्मॅश लोपीसांशिवाय कोणाला जमायचा नाही." मग त्याने टेप बंद केली.

पुढच्या वर्षी बोर्डावर नवा कागद लागला. मार्कस मागे येऊन उभा राहिला. "वाचू, दादा?"

इलायसने चारही टाचण्या काढल्या, कागद घडी करून खिशात घातला आणि भर उन्हात स्टोअर्सपर्यंत चालत गेला.

"शब्बीर, वाच," तो म्हणाला. "एकही ओळ सोडू नको."