दोन जुळे स्क्रू आणि निळी चिकटपट्टी

हसायचं असेल तर चहा यायच्या आत हसून घ्या, नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आपल्या हाताने आपली अब्रू घालवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. पण भाईंदरपासून उत्तनपर्यंत एकाच वेळी? तो मान फक्त माझा!

मला हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या बिनतारी सेटवरून लांबच्या माणसांशी बोलायचा, नाद आहे. रीतसर परीक्षा देऊन लायसन्स घेतलंय, उगाच नाही. शांती नगरच्या आमच्या वन बीएचकेत गॅलरीत अँटेना आणि हॉलच्या कोपऱ्यात सेट. दर रविवारी सकाळी आमच्या ग्रुपमधले सगळे एका फ्रिक्वेन्सीवर जमतात आणि पाटकर सर हजेरी घेतात. त्या रविवारी सर सांगणार होते, गणपती विसर्जनाला खाडीवरच्या कंट्रोल टेबलावर, म्हणजे सगळ्यांचे निरोप सांभाळायच्या मुख्य खुर्चीवर, कोण बसणार ते. तीन वर्षं मी त्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. तीन वर्षं!

आणि आदल्या आठवड्यात सर म्हणाले काय? "शिर्के, तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय. कंट्रोलला कसा बसवू तुला?"

झालं! शनिवारी दुपारी मी सेटचं झाकण उघडलं.

"अहो, नका उघडू," माझी बायको सुषमा म्हणाली. "मिक्सर उघडलात, तेव्हापासून चटणी मी हाताने कुटतेय."

"मिक्सर वेगळा, ट्रान्सीव्हर वेगळा!"

माइकचा आवाज वाढवायचा बारका स्क्रू आत असतो, हे मला पक्कं ठाऊक. पण तिथे शेजारी शेजारी दोन! अगदी जुळे! मॅन्युअलचं ते पान कुठे? फरसाणाच्या डब्याखाली. आणि तेल नेमकं त्या चित्रावर सांडलेलं. म्हटलं, एवढी वर्षं सेट वापरतोय, मला काय पान बघायची गरज? डावा स्क्रू धरला आणि पार टोकापर्यंत फिरवला. शिवाय पुढच्या लाल दिव्यावर निळी चिकटपट्टीही मारली. आपला आवाज बाहेर जायला लागला की तो दिवा पेटतो, आणि त्याचा उजेड थेट माझ्या डोळ्यात जातो. आता सांगा, मला काय स्वप्न पडलं होतं?

रविवार उजाडला. "सुप्रभात मंडळी," सर म्हणाले. मला टेन्शनने घाम फुटला. उठून पंखा पाचावर केला, आणि सेट मुका! सर नाहीत, कोणी नाही. बटणं दाबली, वायरी हलवल्या, टपली मारली. ढिम्म!

माझं डोकं फिरलं. "सगळं त्या पाटकरांमुळे! स्वतःच्या कानाला मशीन लावत नाहीत आणि माझा आवाज बारीक म्हणे!"

"त्यांना कशाला बोलताय?" सुषमा पोहे परतता परतता म्हणाली. "उघडला कोणी?"

"तासभर हजेरी घेतात गं! मी म्यूट करून दाढी करून येतो, तरी हे आपले चालूच!"

"आणि तुम्ही फार खरे! जपानशी बोललो म्हणून ग्रुपमध्ये पेढे वाटलेत. बोललात का जपानशी?"

"ऐकलं तर होतं ना जपानला!"

"ऐकायला काय, मीपण ऐकलं. मी वाटले का पेढे?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. उत्तनजवळच्या चौक गावचा जोसेफ. आमच्याच ग्रुपमधला, आणि सुषमाचा मासेवाला, म्हणून तिचा नंबर त्याच्याकडे. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"वैनी, तो सेट बंद करा पयला!"

"बंदच पडलाय रे तो," मी ओरडलो.

"बंद न्हाय, चालू हाय! मघापासून तुमीच दोघं येताय. बाकी कोनाला बोलायलाच मिळत न्हाय!"

"म्हणजे... सरांनीपण ऐकलं?"

"दाढीपासून!"

आणि त्याच्या मागून, त्याच्या घरातल्या सेटमधून, माझाच आवाज मला विचारत होता, 'सरांनीपण ऐकलं?'

मी झडप घालून चिकटपट्टी उपटली. लाल दिवा ढणढण पेटलेला! डावा स्क्रू माइकचा नव्हताच. केवढा आवाज झाला की बटण न दाबता सेटने आपोआप बोलायला लागायचं, ते ठरवणारा तो स्क्रू. मी तो एवढा फिरवला होता की पंख्याची घरघरसुद्धा त्याला भाषण वाटत होती. आणि बोलत असताना सेट दुसऱ्याचं ऐकत नाही. म्हणून तो मुका! मुका कसला, अख्ख्या ग्रुपला आमचा संसार ऐकवत होता.

पंखा बंद केला, स्क्रू मागे फिरवला, घसा खाकरला. "सर... शिर्के बोलतोय. आवाज येतोय का?"

सर अगदी शांतपणे म्हणाले, "स्वच्छ. मशीन न लावता."

त्या खुर्चीवर यंदा जोसेफ बसला. मला अगदीच टाकलं नाही हो! सरांनी मोठ्या मनाने खाडीच्या नाक्यावर उभं केलं, हातात वॉकीटॉकी दिला. काम एकच, ऐकायचं. बोलायच्या बटणावर सरांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी मारली होती. निळी! त्यांनी फोन करून सुषमाकडूनच मागवून घेतली होती, आणि तिने अख्खा रोल पाठवला होता.