धनाजीच्या पेटीत लिंबाजीचा कारभारी

शिवशंकर दारात उभा असताना त्याच्या घरात पहिल्यांदा शिरायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात कळंबच्या स्टँडवरून एक एसटी भूमला जाऊन माघारी आली असती आणि वाटेत पंक्चरही काढून झालं असतं.

मी भूमजवळच्या ईट गावी गेलो होतो खव्यासाठी. लिंबाजीच्या घरचा खवा मी वर्षानुवर्षं आणतो. दार वाजवलं तर लिंबाजीऐवजी दारात एक उंच, वाळका तरुण उभा. डाव्या तळहातावर उघडा लॅपटॉप, हॉटेलातला पोऱ्या ताट धरतो तसा.

"कोण?"

"मी कळंबचा. लिंबाजींकडं आलोय."

"हे तुम्ही सांगताय. दुसरं कोण सांगतंय?"

मी मागं वळून पाहिलं. मागं एक काळी शेळी होती. ती काही बोलली नाही.

आतून लिंबाजी ओरडला, "आरं शिवा, सर हायत ते! येऊ दे!"

शिवा तसूभर हलला नाही. "आवाज दादांचाच आहे," तो मला समजावून सांगू लागला, "पण दादा दबावाखाली बोलत असतील."

"कुणाच्या?"

"ते अजून कळलेलं नाही."

एवढ्यात त्याची आई धुरपताबाई कपबशा घेऊन आली. तिनं कोपरानं पोराला असा काही बाजूला सारला की तो लॅपटॉपसकट दाराच्या फळीला चिकटला. "च्या थंड व्हायलाय. पाव्हन्याची झडती उंद्या घे," ती म्हणाली, आणि मी आत गेलो. पुण्याच्या कंपनीत चार वर्षं घालवून शिवशंकरनं जी संरक्षणविद्या कमावली होती, तिला धुरपताबाईच्या कोपराला अडवण्याचा उपाय तेवढा सापडलेला नव्हता.

पुण्यात त्याचं काम होतं दुसऱ्यांची मोबाइल ॲप फोडून दाखवायचं. म्हणजे चोरानं आत कुठून शिरावं, हे चोराच्या आधी मालकाला सांगायचं. अशा धंद्यात माणूस संशयी होणारच. शिवा तर बसमध्ये शेजारच्यानं तिळाची वडी पुढं केली तरी आधी त्याला खायला लावायचा. पण मुलगा मनानं निर्मळ. घरच्या म्हशीला तो 'अहो' म्हणत असे, आणि अख्ख्या ईटमध्ये त्याचा पूर्ण विश्वास होता तो तिच्यावरच.

नोकरी सोडून तो गावी आला होता तो कायमचं राहायला. लिंबाजीला ते मान्य नव्हतं. शिकलेलं पोरगं गावात दिसलं की लोक विचारतात, 'काढलं व्हय?' शेवटी बापानं अट घातली. अट होती डीपीची.

डीपी म्हणजे खांबावर बसवलेला तो करड्या रंगाचा डबा, ज्याला सरकारी कागदात रोहित्र म्हणतात. लिंबाजीच्या शिवारात एका डीपीवर आठ शेतकऱ्यांच्या पाण्याच्या आठ मोटारी. आठही जणांनी मोटारीला 'ऑटो' बसवलेला, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू. मालक घोंगडी पांघरून घरी. आता आठ मोटारींनी एका दमात वीज ओढली की डीपी ढुम्म करून जळते. मग ती ट्रॅक्टरवर घालून न्यायची, दुरुस्त करून आणायची, तोवर ज्वारी माना टाकते. हे दर रब्बीला ठरलेलं. पाळी लावून घेणं सोपं होतं, पण पाळी लावायला एकमेकांशी बोलावं लागतं. आठ जणांतले निम्मे एकमेकांशी बोलत नव्हते. लिंबाजी आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ धनाजी, यांचं तर रानातल्या गाडीवाटेवरून इतकं बिनसलं होतं की एकाची शेळी दुसऱ्याच्या रानात गेली तर ती तिसऱ्याला सांगून परत मागवत.

"ह्या रब्बीला डीपी जळू दिली न्हाईस तर ऱ्हा," लिंबाजी म्हणाला. "जळली, की पुन्याची गाडी धर. पुन्यांदा इषय न्हाय."

शिवानं आठ पेट्या बनवल्या. एकेका मोटारीला एक पेटी. प्रत्येक पेटीत मालकाच्या वतीनं बोलणारा एक छोटा प्रोग्राम. पुस्तकात त्याला भारी नाव आहे, शिवानं त्याला 'कारभारी' म्हटलं आणि सगळ्या म्हाताऱ्यांना ते एका क्षणात कळलं. रानात दोन काट्यांची एक सळई खोचायची, ती ओल मोजणार. गावानं तिचं नाव ठेवलं थर्मामीटर. सळईनं ओल कारभाऱ्याला सांगायची, आठ कारभाऱ्यांनी आपसांत घासाघीस करायची, आणि एका वेळी तीनच मोटारी चालू होतील असं ठरवायचं. ज्याचं रान अगदी वाळलं असेल त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं. माणसं बोलत नव्हती, पण त्यांच्या पेट्या बोलणार होत्या.

बंदोबस्त तर असा की विचारू नका. मालकाचा अंगठा त्याच्याच फोनवर उमटल्याशिवाय कारभारी हुकूम ऐकत नसे. कारभाऱ्यांचं आपसातलं बोलणं कुलूपबंद. एक अडचण मात्र होती. लिंबाजीचं रान ओढ्याच्या खोलगटात, तिथं रेंज नाही. धनाजीचं माळावर, तिथं भरपूर. त्यामुळं शिवानं सोय केली, की लिंबाजीच्या कारभाऱ्यानं गरज पडेल तेव्हा उठायचं, शेजारच्या धनाजीच्या पेटीत जाऊन बसायचं (तेवढ्या अंतराला रेंज लागत नाही) आणि तिथून बोलणी करायची. जाताना स्वतःला कुलूप घालून जायचं, म्हणजे यजमानाला पाहुण्याच्या पोटातलं कळू नये.

धनाजीनं येऊन पेटी वरून खालून न्याहाळली. "म्हंजी तुज्या बापाचा मानूस माज्या घरात मुक्कामाला?"

"माणूस नाही काका. प्रोग्राम."

"जेवतो का?"

"नाही."

"पानी?"

"काहीच नाही. कुलूप लावून बसतो."

"बापावरच गेलाय," धनाजी म्हणाला, आणि त्यानं अंगठा दिला.

सुरुवात झोकात झाली. लाइट येई, तीन मोटारी चालत, मग दुसऱ्या तीन. डीपी मांजरीसारखी गुरगुरत राही. शिवा बांधावर उभा राहून हे बघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नव्या जावयाचं तेज असायचं.

मग एका सकाळी आठही मोटारी बंद. लाइट होती, पेट्या चालू होत्या, पाणी नव्हतं. लॅपटॉपवर दिसलं की आठही रानांत ओल शून्य. जणू रातोरात ईटचं वाळवंट झालं होतं. आता नियम असा की दुसऱ्याचं रान वाळत असेल तर आपण थांबायचं. आठही वाळले, त्यामुळं आठही कारभारी एकमेकांसाठी थांबले. 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही', असं त्यांचं दिवसभर चाललेलं. असली सभ्यता त्या शिवारात पूर्वी कधी पाहिली नव्हती.

शिवा मोटारसायकलवर थेट कळंबला माझ्याकडं आला. "सर, हल्ला झालाय."

"कुणाचा?"

"परदेशी टोळी असणार. एवढं कुलूप फोडणं इथल्या माणसाचं काम नाही."

"पण परदेशी टोळीला ईटच्या ज्वारीत काय रस?"

"तेच तर गूढ आहे!" तो म्हणाला, आणि माझ्या घरचे पोहे आधी मला खायला लावून मग स्वतः खाल्ले.

गूढ लवकरच उकललं. तो घरी परतला तर धुरपताबाई हातात सळई घेऊन उभी. "ही तुजी काडी घे बाबा. शेवयाच्या डब्यात खवसून ठिवलीया तुज्या बापानं. समद्या शेवया मोडल्या."

शिवा बाहेर पडला आणि दिवसभर शिवार हिंडला. एक सळई पत्र्यावर उन्हात पडलेली. एक चुलीच्या राखेत. एक पिठाच्या डब्यात. धनाजीची कडब्याच्या गंजीत, मधोमध, तब्येतीत झोपलेली. आपलं रान वाळलंय असं पेटीला वाटलं की आपली पाळी आधी, हा हिशेब आठ जणांनी आपापला केला होता, आणि आपणच तेवढे हुशार असं आठही जणांना वाटत होतं.

"दादा, तुम्ही सुद्धा?" शिवा बापाला म्हणाला.

"धन्यानं केलं आसंल म्हनून म्या केलं," लिंबाजी म्हणाला. "त्यानं केलं का न्हाय?"

"केलं."

"बघ!" लिंबाजी जिंकल्यासारखा उठून गेला.

इकडं ज्वारी पोटऱ्यात आलेली, नेमकी तहानेची वेळ. लोक पेट्या काढून पुन्हा ऑटो बसवायच्या गोष्टी बोलू लागले. ऑटो बसला की ढुम्म, आणि ढुम्म झालं की शिवा पुण्याच्या गाडीत. तो ओसरीवर डोकं धरून बसला. कुलपं त्याची पक्की होती, पण कुलपाच्या आत बसून मालकच खोटं सांगत असेल तर कुलूप काय करणार? आणि ते खोटंही असं बंदोबस्तात जात होतं की शेजाऱ्यालाही कळू नये!

तो ताडकन उठला. कोण बोलतंय त्याचं कुलूप तसंच ठेवायचं. काय बोलतंय ते मात्र चव्हाट्यावर आणायचं. एकाचा कारभारी जे सांगेल ते आठही जणांच्या फोनवर रोज सकाळी मोठ्यानं वाजलं पाहिजे. म्हाताऱ्यांना वाचायचा कंटाळा, म्हणून आवाज हवा. आवाज त्यानं आईचा घेतला.

धुरपताबाईनं पदर सावरून फोनसमोर बसून सगळं बोलून दिलं. फक्त नवऱ्याचं नाव घ्यायला तयार होईना. "तितं 'शिवाचे दादा' म्हनते. कळतंय समद्यास्नी."

दुसऱ्याच सकाळी धनाजीकडं बेंबळीचे पाहुणे आले होते, त्याच्या मुलीचं, शिवांजलीचं लग्न पक्कं करायला. पाहुणे टेकले, पोहे आले, धनाजी आपल्या बागायतीचं वर्णन करायला लागला, आणि कोनाड्यातला फोन बोलला.

"धनाजी भावजी, तुमच्या रानात ओल शून्य हाय. ज्वारी जळायला लागलीया. पानी देताव का बगत बसताव?"

धनाजीच्या हातातला चमचा तसाच राहिला. कितीक वर्षांत वहिनीनं त्याला हाक मारलेली नव्हती, आणि मारली ती अशी.

बेंबळीचे व्याही खाकरले. "बागायत म्हनला व्हता ना तुमी?"

"बागायतच हाय! ते मशीन खोटं बोलतंय."

"मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला काय पोरगी द्यायचीय?"

धनाजीनं पाहुण्यांना तसंच उठवलं आणि रानात नेलं. ज्वारी हिरवीगार, छातीएवढी. व्याह्यांनी ज्वारीकडं बघितलं, मग धनाजीकडं. "मंग शून्य कुटली?"

धनाजीनं खाली मान घालून कडब्याची गंजी दाखवली. व्याही गदागदा हसायला लागले. हसून डोळे पुसत म्हणाले, "आमच्या बी डीपीवर असलेच नमुने हायत. ही पेटी कोन बनवतं?" लग्न त्याच बांधावर पक्कं झालं.

बाकीच्या सात घरांतही त्या सकाळी हेच. सोयरे फोन करून विचारू लागले, रान जळालं म्हणे? कुणाकडं तर भेटायला माणसं आली, दुखवट्याला यावीत तशी. रान कोरडं म्हटल्यावर पाळी आधी मिळते, पण इज्जत जाते, हे लक्षात आलं आणि संध्याकाळच्या आत आठही सळया मातीत परत गेल्या. शेवयाच्या डब्यातली सुद्धा.

आणि दिवे लागायच्या वेळी धनाजी भांडायला लिंबाजीच्या ओसरीवर आला. मी खव्यासाठी तिथं होतोच.

"वहिनी, पाव्हन्याम्होरं माजी आब्रू काडताव व्हय?"

"येवढ्या वर्सानं आलाव, ते बी भांडाया?" धुरपताबाई म्हणाली. "बसा. च्या घ्या."

धनाजी बसला. लिंबाजी खांबाकडं तोंड करून बसला होता. दोघं भाऊ चहा प्यायले. बशी खाली ठेवून धनाजी खांबालाच म्हणाला, "ह्येचा कारभारी माज्या पेटीत उपाशी बसतोय. मला काय बरं वाटतंय व्हय?"

"मंग चार की त्येला कायतरी," लिंबाजी खांबाला म्हणाला.

शिवा लॅपटॉपमागून उठला. "काका, त्याला काही चारता येत नाही. त्याला कुलूप—"

"तू गप रं," दोघं भाऊ एकदम म्हणाले.

गाडीवाटेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पण पुढं कधी पेट्यांच्या बोलण्याला उशीर झाला तर धनाजी बांधावरून हाक मारून लिंबाजीला सांगे, "आवं, तुमची मोटार लावा आता!" आणि कारभाऱ्यांच्या आधी भावांचं ठरून जाई. शिवाला याचा थोडा राग येई. आपल्या यंत्रणेत हे छिद्र आहे, असं तो म्हणायचा.

ज्वारी निघाली. डीपी जळाली नाही. बेंबळीच्या व्याह्यांनी आपल्या डीपीसाठी पेट्या सांगितल्या. शिवांजलीच्या लग्नात धुरपताबाईचा आवाज ओळखून अनोळखी बाया तिला भेटायला आल्या. शिवा दारात उभा राहून वऱ्हाड्यांना ते कोणाकडचे हे विचारत होता, आणि दुसरं कोण सांगतंय तेही.

वैशाखात एका सकाळी डीपी खांबावर नव्हती. डबा खाली पडलेला, तेल सांडलेलं, आतलं तांबं चोरांनी काढून नेलेलं. आठही पेट्या जागच्या जागी होत्या. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

लिंबाजी डब्याभोवती फिरला. "जळली का?" त्यानं विचारलं.

"नाही," शिवा म्हणाला.

"मंग ऱ्हा."

शिवशंकर ईटला राहिला. पेट्यांना आत बॅटरी आहे, त्यामुळं आठही कारभारी अजून रोज सकाळी पाळी ठरवतात. नवी डीपी अजून आलेली नाही.