सारिकाला बघायला आलेल्या बाया

सगळ्यात आधी टपकली ती समोरची शांताबाई. आमचं उदगीर जिल्हा कधी व्हनार, यापेक्षा आमच्या घरी कोन आलं याचीच तिला जास्त फिकीर.

आल्त्या दोन बाया. विष्णुपुरीहून, माझ्या नातीची, सारिकाची चौकशी करीत. औंदा दुष्काळात लोक पोरी लवकर उजवून राहिलेत, तवा माझ्या लेकाला वाटलं सोयरीकच आली. पोरगी इंजिनेरीचं कालेज सोडून टँकरचं पानी भरून राहिली, म्हनून तो लगीनच करू म्हनत होता. आमी पोहे केले, तिला साडी नेसवून पाटावर बसवलं.

तर मोठी बाई निघाली इंजिनेर. विष्णुपुरीच्या तिच्या कालेजानं एकेका पोरीला सांभाळायला अशी एक ताई दिलीय म्हनं. ती खाली सारिकाजवळ बसली अन् म्हनली, “कुठला विषय अडकला गं?” पोरगी बोलायला लागली ती थांबंना.

लेक म्हनला, “ही परत कालेजात गेल्यावर पानी कोन भरंल?”

मी म्हनलं, “मी हाय की.”

मंग लेक हाव, जाऊ दे म्हनला.

तवापासून अंग बधिर झालंय. खुशी लई हाय, पन हसू येईना, रडू बी येईना. बायांनो, तुमचं बी असं होतं का?

त्या दोघी गुरुवारी येतो म्हनल्या, तिला न्यायला.