त्याच टेपवर

माझा भाऊ लोथार ग्राला दिवसा खाणीत कोळसा काढायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. जर्मनीतल्या गेल्झेनकिर्खेनच्या आमच्या खाणवस्तीत अकॉर्डियन घरोघरी होतं, पण गिटारवर जॅझ वाजवणारा हा एकटाच. आई म्हणायची, "तुझं सुरू कधी होतं तेच कळत नाही बाबा." तो म्हणायचा, "सुरू झालंय, आई. तू भांडी आपटायची थांब, म्हणजे ऐकू येईल."

त्याचा जोडीदार एगॉन प्योंटेक. एकाच पाळीला उतरायचे, एकत्रच वर यायचे. एगॉन डबल बास वाजवायचा. माणसाहून उंच ते धूड हातगाडीवर आडवं घालून तो वस्तीतून निघाला की बायका खिडकीतून विचारायच्या, "काय एगॉन, कपाट विकायला काढलंस का?"

"नाही हो, सासूबाईंना हवा खायला नेतोय."

त्याला एक खोड होती. वाजवताना डोळे मिटायचा आणि बासच्या सुराबरोबर स्वतःही गुणगुणायचा, नाकातून, थोडं बेसूर. आपण गुणगुणतो हे त्याला कधी पटलंच नाही. त्याची बायको मेख्टिल्ड म्हणायची, "झोपेतही हेच चालतं. माझ्या उशीला आता सगळी गाणी पाठ झालीत."

एकोणीसशे छप्पन्न साली कोलोनच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीनं दोघांना बोलावलं. कुणीतरी त्यांना एका तळघरातल्या क्लबात ऐकलं होतं. स्टुडिओ म्हणजे फर्निचरच्या दुकानामागची खोली, भिंतींना घोंगड्या लावलेल्या. टेप करणारे झायफर्ट साहेब पहिल्याच सुरावटीला मध्येच थांबले.

"गातंय कोण?"

"कुणीच नाही, साहेब," एगॉन म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

मग त्याच्या तोंडात रुमाल कोंबून पाहिला. गुणगुणणं थांबलं, पण हातही आखडले. बास नुसता धपधप वाजायला लागला. शेवटी लोथारनंच तो रुमाल काढून खिशात टाकला आणि म्हणाला, "असू दे साहेब, तो असाच वाजवतो." चार सुरावटी तशाच टेप झाल्या. कंपनी काय म्हणते ते कळवू, असं सांगून झायफर्ट साहेबांनी दोघांना निरोप दिला. आगगाडीत एगॉन सगळ्या डब्याला सांगत होता, "आम्ही आता कोलोनचे कलाकार."

त्याच वर्षी शरदात खाणीत छत कोसळलं. लोथार पलीकडच्या बोगद्यात होता, म्हणून वाचला. एगॉनला बाहेर काढायला तोही हातानं दगड उपसत होता. वर फाटकाशी मेख्टिल्ड उभी होती, कडेवर त्यांची मुलगी गुड्रुन, जेमतेम चालायला लागलेली. लोथारचा चेहरा बघून तिनं काही विचारलंच नाही.

त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरात आवाज साठवून ठेवायचं काही साधन नव्हतं. एगॉनचा लग्नातला फोटो होता, फुटबॉलच्या संघातला एक होता. आवाज कुठेच नव्हता. दफन झाल्यावर काही आठवड्यांनी मेख्टिल्डनं माझ्यासमोरच लोथारला विचारलं, "कोलोनच्या त्या टेपवर तो आहे ना? गुणगुणताना?"

"आहे की. चारही सुरावटींत आहे."

"मला एकदा ऐकायचंय. पोरीलाही ऐकवायचंय, मोठी झाली की."

"मी आणतो," लोथार म्हणाला.

हिवाळ्यात कंपनीचा निरोप आला. सुरावटी फार आवडल्या, रेकॉर्ड काढायची आहे, पण तो गुणगुणण्याचा आवाज चालणार नाही. दुसरा बासवाला देतो, पुन्हा वाजवा. लोथारनं नाही म्हणायचं ठरवलं होतं. मेख्टिल्डनंच त्याला समजावलं. "जा रे. एगॉन असता तर त्यानं तुला ढकलत नेलं असतं. आणि येताना त्याला घेऊन ये."

तो गेला. नवा बासवाला नाचाच्या वाद्यवृंदातला, सज्जन माणूस. एगॉनबद्दल कळल्यावर त्यानं टोपी काढली आणि मगच बास हातात घेतला. जुनी टेप मागायची ती काम संपल्यावर मागू, असं लोथारच्या मनात होतं. आधीच मागितलं तर साहेब वैतागतील, असं त्याला वाटलं. पुढे त्यानं मला एकदाच सांगितलं, "हेडी, त्या दिवशी मी जसं वाजवलं तसं त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. एगॉन समोर बसलाय असं धरून वाजवत होतो."

काम संपलं. झायफर्ट साहेब खूश होते. लोथारनं विचारलं, "साहेब, ती आधीची टेप मिळेल का? नाहीतर तिची नक्कल? त्याच्या बायकोला हवी आहे."

"आधीची? अहो, हीच ती," साहेब यंत्राकडे बोट दाखवत म्हणाले. "टेप महाग असते. जे घ्यायचं नाही ते पुसून त्याच्यावरच पुढचं घेतो आम्ही."

लोथारची नजर त्या यंत्रावरच राहिली. ते पाहून साहेबांच्या ध्यानात आलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतःचे हेडफोन त्याच्या कानाला लावले आणि टेप पहिल्यापासून लावली. कुठे थोडंसं पुसायचं राहिलं असेल, शेवटी उरलेल्या तुकड्यात काही असेल, म्हणून तो शेवटपर्यंत ऐकत बसला. सगळीकडे लोथारची गिटार आणि त्या परक्या माणसाचा स्वच्छ, नितळ बास. त्यानंतर नुसती सळसळ.

तो घरी न येता थेट मेख्टिल्डकडे गेला. मी तिथेच होते. तिनं पाद्रीबाबांकडून चर्चच्या शाळेतलं टेप वाजवायचं यंत्र मागून आणलं होतं. टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ, त्यावर यंत्र, बाजूला कॉफी आणि सफरचंदाचा केक. स्वतः रविवारचा निळा झगा घातला होता. गुड्रुनचे केस ओले करून विंचरले होते.

लोथारनं उभ्याउभ्याच सांगितलं. ती मन लावून ऐकत होती, जसं काही अजून पुढे काहीतरी आहे.

"म्हणजे त्याच टेपवर?"

"हो."

"तू वाजवलंस ते?"

"हो."

तिनं यंत्राचं झाकण लावलं, दोन्ही कड्या बसवल्या. मग म्हणाली, "कॉफी गार होईल. घ्या तुम्ही दोघं." आम्ही घेतली. केकही संपवला.

रेकॉर्ड निघाली आणि गाजली. वर्तमानपत्रांनी लिहिलं. पुढे लोथारनं खाण सोडली, अजून काही रेकॉर्डी केल्या, पण जाणकार आजही नाव काढतात ते त्या पहिल्या चार सुरावटींचं. असं दुःख पुन्हा त्याच्या गिटारीतून ऐकू आलं नाही, म्हणतात. ते ऐकलं की तो खोलीतून उठून जायचा.

मेख्टिल्डनं त्याला कधी बोल लावला नाही. दर रविवारी तो तिच्याकडे जायचा, कोळसा आत आणून द्यायचा, गळका नळ बघायचा. एके दिवशी तिनं त्याला दारातच थांबवलं. "लोथार, तुझ्यावर राग नाही रे माझा. खरंच नाही. पण तू आलास की मी दिवसभर त्याच्या आवाजासाठी कान देऊन बसते. नको येऊस आता." तो गेला नाही परत. पुढच्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला.

मेख्टिल्ड म्हातारी होऊन वारली तेव्हा मीच त्याला कळवलं. दफनाला तो लांब, कबरींवरच्या फुलांसाठी झारीत पाणी भरायच्या नळापाशी उभा राहिला. सगळे पांगल्यावर गुड्रुन त्याच्याकडे आली. तिनं त्याला ओळखलं नाही.

"आपण आईच्या ओळखीचे का?"

"तुझ्या वडिलांबरोबर खाणीत होतो."

"हो का? मला ते अजिबात आठवत नाहीत." ती थोडं थांबली. "बोलायचे कसे हो ते?"

 "मजेशीर बोलायचा," एवढंच लोथार म्हणाला.

तिनं त्याला दफनानंतरच्या कॉफीला यायचा आग्रह केला. तो नको म्हणाला, आणि माझा हात धरून फाटकाकडे चालू लागला. वाटेत दोनदा आम्हाला बाकावर बसावं लागलं.